कढईवाली नोट

दिवाळीनंतर दरवर्षी आठ-दहा दिवस गावी जातो, अमळनेर तालुक्यात आमची थोडीशी कोरडवाहू कपाशी आहे, आणि बाजाराच्या दिवशी वेचणीवाल्या बायांचे पैसे चुकते करायचं काम माझ्याकडे येतं कारण वडील म्हणतात तू पुण्यात कॉम्प्युटरवर हिशोबच करतो ना, मग कर. तर यावेळी एका मावशीचे सहाशे वीस होत होते. मी पाचशेची एक, शंभरची एक आणि विसाची एक अशा तीन नोटा मोजून दिल्या आणि वहीत खूण केली. मावशी दोन पावलं गेली आणि परत आली. "भाऊ, हाई कढईवाली शे, दोनशेनी शे."

विसाच्या जागी दोनशेची दिली होती. रंग इतके जवळचे आहेत ना दोघींचे, संध्याकाळच्या उजेडात तर सांगूच नका, आणि चूक कोणी पकडली तर जिला वाचता येत नाही तिने.

पण मला कढई काही कळेना. मग नोट उलटी करून बघितली तर सांचीचा स्तूप! उपडी घातलेली कढईच दिसते हो ती, एकदा कळल्यावर दुसरं काही दिसतच नाही. मग मी बसलोच तिथे गोणीवर आणि सगळ्या बायांना विचारत सुटलो. दहाची चाकवाली (कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक, तेराव्या शतकातलं, पण यांच्या लेखी ते बैलगाडीचं). पन्नासची रथवाली. विसाची देऊळवाली, ते वेरूळचं कैलास लेणं. पाचशेची झेंडावाली, कारण लाल किल्ल्यावर झेंडा आहे, आणि तसंही लाल किल्ला राखाडी रंगात छापल्यावर तो लाल किल्ला आहे हे कोणी कसं ओळखायचं. आणि शंभरची? शंभरची वाडावाली.

आता हे वाड्याचं मला फार आवडलं कारण तो वाडा नाहीये, ती विहीर आहे. गुजरातमधल्या पाटणची राणी की वाव. अकराव्या शतकात राणी उदयमतीने नवऱ्याच्या, म्हणजे पहिल्या भीमदेव सोळंकीच्या आठवणीत बांधलेली, सात मजले, पण सगळे जमिनीच्या खाली. नंतर सरस्वती नदीच्या गाळाने बुजून गेली म्हणून तर कोरीवकाम इतकं शाबूत राहिलं. नोटेवर मात्र ती अशी छापलीय की वर उभी असलेली इमारतच वाटते. मी सांगितलं ही बारव आहे, तर एक जण म्हणाली मग पाणी कुठंय. बरोबर आहे, पाणी दाखवलेलंच नाही.

रिझर्व्ह बँकेच्या भाषेत ही सगळी चित्रं म्हणजे देशाचा सांस्कृतिक वारसा. असेल. पण माझी आजी जुन्या पाचच्या नोटेला ट्रॅक्टरवाली म्हणायची आणि त्यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतंच, ट्रॅक्टर होता, शेत होतं. १९९६ नंतरच्या दहाच्या नोटेवर हत्ती, गेंडा, वाघ होते. हजारच्या नोटेवर तर समुद्रातली तेलविहीर, पोलादाची भट्टी, मळणीचं मशीन. म्हणजे तेव्हा नोटेवर चालू असलेलं काम होतं, आता सगळं बांधून झालेलं आहे. एक मंगळयान तेवढं वेगळं होतं दोन हजारवर, तर तीच नोट मे २०२३ मध्ये मागे घ्यायला सुरुवात झाली. मला स्वतःला ट्रॅक्टर जास्त आवडायचा, वारसा वगैरे ठीक आहे.

रथाचं एक सांगायचं राहिलं. हंपीचा तो दगडी रथ खरं तर रथ नाहीच, गरुडाचं मंदिर आहे आणि ते उभं आहे विठ्ठल मंदिराच्या अंगणात. पंढरपूरचा पांडुरंग विजयनगरला नेला होता आणि भानुदासांनी परत आणला ही कथा आपल्याकडे घरोघरी माहीत असते, पण पन्नासच्या नोटेचा तिच्याशी काही संबंध आहे हे मला चाळिशीत कळलं. वारी करणाऱ्या एका मावशीने ते ऐकून नोट कपाळाला लावली आणि मग कमरेच्या पिशवीत टाकली.

पुढच्या बाजूला गांधीबाबा सगळ्यांवर सारखेच. हा फोटो १९४६ चा, दिल्लीत लॉर्ड पेथिक-लॉरेन्सबरोबर उभे असतानाचा, त्यातून फक्त गांधीजींचा चेहरा घेतलाय. त्याच्या दहा वर्षं आधी, १९३६ ला, ते आमच्या खानदेशात फैजपूरला आले होते, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. तेवढंच काय ते खानदेशचं नातं म्हणायचं. मागच्या पट्टीवर पंधरा भाषा आहेत, त्यात मराठी आठवी, अहिराणी अर्थातच नाही.

आणि हे सगळं मी ज्या ढिगाऱ्याला टेकून सांगत होतो तो कापसाचा होता. नोटेचा कागद लाकडाचा नसतो, शंभर टक्के कापसाचा असतो. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, मग भाव का नाही देत नीट. यावर माझ्याकडे काही नव्हतं बोलायला.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी शंभरवर त्रिकोण, पाचशेवर गोल अशा उठावदार खुणा असतात, कडेला तिरप्या रेषा असतात, शंभरला चार आणि पाचशेला पाच. पण आमच्या गावचे पेटी वाजवणारे बुवा म्हणतात नोट जुनी झाली की बोटाला काही लागत नाही, मी आपली लांबी बघतो.

त्या मावशीला मी नंतर सांगितलं की ही कढई नाही, स्तूप आहे, मूळ अशोक राजाने बांधलेला, पुढच्या बाजूचे सिंह आहेत ना ते पण त्याच्याच खांबावरचे. तिने नीट ऐकून घेतलं. आत काय असतं विचारलं, मी म्हटलं आत पोकळ नसतं, भरीव असतं. बरं म्हणाली.

पुढच्या बाजाराला तिचे सातशे झाले. मी पाचशेची काढली आणि शंभरच्या दोन शोधायला लागलो तर म्हणाली, राहू द्या भाऊ, एक कढईवालीच द्या.