तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन लावल्यावर लकवा होणार नाही ना?

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा. फिटच्या पेशंटच्या घरी मेंदूच्या ऑपरेशनचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. कोणीतरी मुंबईहून ऐकून आलेलं असतं, की ऑपरेशन चालू असताना हातापायांना तारा लावून नसांचं मशीन चालवतात. म्हणजे मग लकव्याची भीती नाही, असंच ना?

तसं नाही. मशीन हातपाय वाचवत नाही, आत्ता काहीतरी बिघडतंय एवढंच ते सांगतं. वाचवायचं काम सर्जनचं आणि भूलतज्ज्ञाचं. तेही इशारा वेळेत आला, तो खरा निघाला आणि त्यावर करण्यासारखं काही शिल्लक असलं तर.

त्याआधी एक गोष्ट, कारण लकव्याच्या भीतीपायी पुष्कळ लोक तपासणीलाही जात नाहीत. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या एका अभ्यासात, जो २००० साली छापून आला, नव्याने औषध सुरू केलेल्यांपैकी ४७ टक्के पेशंट पहिल्याच औषधावर फिटमुक्त झाले. दुसऱ्या औषधाने आणखी १३ टक्के. त्यापुढच्या सगळ्या औषधांनी मिळून जेमतेम ४ टक्के. म्हणून नीट निवडलेली, पुरेशा डोसची दोन औषधं नियमित घेऊनही फिट थांबत नसेल, तर तिसरं, चौथं, पाचवं औषध बदलत दहा वर्षं काढण्यात अर्थ नाही. ऑपरेशन होण्यासारखं आहे का, हे तरी तपासून घ्यावं.

मात्र 'नियमित' म्हणजे खरंच नियमित. आपल्याकडे रात्रीच्या लाईटीवर केळीला नाहीतर कपाशीला पाणी भरायचं असतं, त्यात झोप जाते. कानबाईचं जागरण असतं. उपासाला गोळी चालत नाही असं घरातली मंडळी परस्पर ठरवून टाकतात. अशा रात्रीनंतर आलेली फिट औषधाच्या नावावर मांडू नये. उपासाला गोळी चालते.

ऑपरेशनचा फायदा किती, हे चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्यांनी दाखवलंय. कॅनडातल्या ८० पेशंटच्या चाचणीत (२००१) टेम्पोरल लोबचं, म्हणजे मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागाचं, ऑपरेशन ज्यांच्या वाट्याला आलं त्यांच्यापैकी ५८ टक्के जण वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते. नुसत्या औषधांवर ८ टक्के. दिल्लीच्या एम्समध्ये १८ वर्षांपर्यंतच्या ११६ मुलांवर चाचणी झाली (२०१७). तिथे प्रमाण ७७ टक्के विरुद्ध ७ टक्के होतं. त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही सांगायला हवा: ऑपरेशन झालेल्या ५७ मुलांपैकी १९ जणांना गंभीर त्रास झाला, आणि त्यातल्या बहुतेकांना अर्ध्या अंगाची कमजोरी आली. पण मेंदूचा एक अख्खा अर्धा भाग दुसऱ्यापासून तोडण्याचं ऑपरेशन जिथे होतं, तिथे कमजोरी आधीच धरलेली असते. बोटांची बारीक हालचाल जाते, चालणं बहुधा राहतं, आणि त्या मुलांचा तो हात अनेकदा आधीच कमजोर असतो. कोणतं ऑपरेशन, हे विचारल्याशिवाय लकव्याचा आकडा विचारण्यात अर्थ नाही.

आता मशीनकडे. त्यात मुख्यतः दोन तपासण्या चालतात.

पहिलीत मनगटाजवळच्या आणि घोट्याच्या आतल्या बाजूच्या नसेला सेकंदाला चार-पाच हलके झटके देतात. त्याने उठलेली विजेची लाट हातापासून डोक्यावर सुमारे २० मिलिसेकंदांनी पोचते, पायापासून सुमारे ३७. लाट इतकी बारीक असते की दोन-तीनशे झटक्यांची सरासरी काढल्याशिवाय दिसत नाही, म्हणून ही बातमी मिनिटभर शिळी असते. लाटेची उंची निम्म्यावर आली किंवा तिला १० टक्के उशीर झाला की इशारा द्यायचा. शिवाय ही संवेदनेची वाट. हात हलवण्याची वाट वेगळी, आणि पहिली शाबूत असून दुसरी जाऊ शकते.

म्हणून दुसरी तपासणी. टाळूच्या दोन्ही बाजूंना स्क्रूसारख्या सुया बसवतात, दोन ते चार मिलिसेकंदांच्या अंतराने पाच झटके देतात, काहीशे व्होल्टचे, आणि अंगठ्याच्या मुळाशी, नडगीवर, तळपायात टोचलेल्या सुयांतून स्नायूचं उत्तर पाहतात. उत्तर तत्काळ येतं. पण त्या क्षणी पेशंटचं अंग उडतं, म्हणून सर्जनने हात थांबवल्याशिवाय झटका देता येत नाही. जबडाही आवळला जातो. दोन्हीकडच्या दाढांमध्ये गॉजच्या मऊ गुंडाळ्या ठेवल्या नाहीत तर जीभ चावली जाते.

मेंदूच्या ऑपरेशनमध्ये इथे एक फसगत आहे. कवटीवरून व्होल्टेज फार वाढवलं तर करंट खोल उतरतो आणि सर्जन जिथे काम करतोय त्याच्याही खालून वाट पेटवतो. वरची वाट तुटत असताना पडद्यावर सुंदर उत्तर दिसत राहतं! म्हणून उत्तर मिळेल तेवढंच कमीत कमी व्होल्टेज ठेवायचं, आणि कवटी उघडल्यावर शक्यतो इलेक्ट्रोडची पट्टी थेट मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवून काही मिलिअँपिअरवर काम भागवायचं. खोल कापताना तोंडी हिशेब असा की एका मिलिअँपिअरला उत्तर आलं तर हालचालीची वाट सुमारे एका मिलिमीटरवर आहे. हिशेब ठोकळ आहे, पण त्या वेळी तोच हाताशी असतो.

या सगळ्यात सर्वांत जास्त बिघडवते ती भूल. श्वासातून द्यायचा वायू अर्ध्या मात्रेच्या वर गेला की स्नायूचं उत्तर दबतं, म्हणून शिरेतून प्रोपोफॉल आणि फेंटानिलसारखं औषध चालू ठेवतात. स्नायू ढिले करणारं औषध फक्त नळी घालताना, एकदाच. ते उतरलं का, हे हाताच्या नसेला ओळीने चार झटके देऊन बघतात, चारही वेळा अंगठा हलायला हवा. फिनिटोइन किंवा कार्बामाझेपिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये हे औषध लवकर उतरतं. मशीनच्या या पहाऱ्याला, म्हणजे मॉनिटरिंगला, ते सोयीचं, पण पेशंट अचानक हलू शकतो म्हणून भूलतज्ज्ञाला ठाऊक हवं. गोळ्यांची खरी यादी द्या म्हणतात ते यासाठीही. मेंदूवर पट्टी ठेवून फिटचा उगम शोधायचा असेल तेव्हा मात्र प्रोपोफॉलच आड येतं. त्याने उगमाच्या खुणा दबतात, म्हणून ते काही वेळ कमी करावं लागतं. एकाच ऑपरेशनमध्ये दोन तपासण्या एकाच भुलीवर नीट होत नाहीत, आणि ही तडजोड आधी ठरवलेली नसली की टेबलावर वाद होतात.

लाट पडली की काय करायचं? आधी बघायचं एकाच बाजूची पडली की दोन्ही बाजूंची. दोन्हीकडची एकदम पडली तर बहुधा भूल, रक्तदाब किंवा उतरलेलं तापमान. एकाच हाताची पडली आणि सुई जागेवर आहे, हात टेबलाच्या कडेला दाबलेला नाही, तर सर्जनने थांबायचं. मेंदू बाजूला धरणारी पट्टी, म्हणजे रिट्रॅक्टर, सैल करायचा, रक्तदाब वाढवायचा, कोमट सलाइन सोडायचं, रक्तवाहिनी आकसली असेल तर तिच्यावर ती सैल करणारं पॅपाव्हेरिन टाकायचं. टेम्पोरल लोबच्या ऑपरेशनला हेच महत्त्वाचं. तिथे हातपाय हलवणारा मेंदूचा पट्टा सर्जनच्या हाताच्या जवळही नसतो, तरी खोलवर जाणाऱ्या एका बारीक धमनीला धक्का लागला तर उलट बाजूचा हातपाय जाऊ शकतो.

मेंदूवर करंट देताना टेबलावरच फिट येऊ शकते. जुन्या पद्धतीने सेकंदाला ५० ते ६० वेळा करंट सोडला तर जास्त, पाच झटक्यांच्या पद्धतीने कमी. उपाय साधा: बर्फात ठेवलेलं रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखंच द्रावण) थेट मेंदूवर ओतायचं. बाटल्या आधीच थंड केलेल्या हव्यात, फिट आल्यावर शोधायच्या नाहीत.

पुरावा किती? मेंदूतल्या गाठींच्या ऑपरेशनांचे ९० अहवाल, आठ हजारांवर पेशंट, एकत्र करून पाहिले (२०१२) तेव्हा करंट देऊन मेंदूच्या कामाच्या जागांचा नकाशा काढलेल्यांत कायमची गंभीर हानी ३.४ टक्के आणि न काढलेल्यांत ८.२ टक्के दिसली. मणक्याचा बाक सरळ करणाऱ्या ५१,२६३ ऑपरेशनांच्या १९९५ च्या पाहणीत, अनुभवी टीम मॉनिटरिंग करत होती तिथे नसांची इजा निम्म्याहून कमी होती. दोन्ही निरीक्षणं आहेत, चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या नव्हेत. मोठी केंद्रं मशीनही वापरतात आणि कापतातही चांगलं, म्हणून सगळं श्रेय मशीनला देता येत नाही. दुसऱ्या पाहणीतला 'अनुभवी' हा शब्द मला मशीनच्या किमतीपेक्षा मोठा वाटतो.

आणि मशीनला जे दिसत नाही ते. स्मरणशक्ती दिसत नाही. डाव्या टेम्पोरल लोबच्या ऑपरेशननंतर नावं पटकन न आठवणं, नजरेचा वरचा एक कोपरा जाणं, हे त्या तारांत उमटत नाही. त्यासाठी आधी मानसशास्त्रीय चाचणी आणि चांगला एमआरआय हवा. भाषेचा भाग जवळ असेल तर पेशंटला मध्येच जागं करून चित्रांची नावं विचारतात. घरात अहिराणी किंवा पावरी बोलणारा माणूस असेल तर त्याला आदल्या दिवशी त्याच्याच बोलीत चित्रं दाखवून उत्तरं लिहून ठेवायला सांगा. मुलाचं चित्र पाहून तो टेबलावर 'पोऱ्या' म्हणाला तर उत्तर बरोबर आहे, आणि समोर बसलेल्या मुंबईच्या माणसाने ती चूक धरायला नको.

सर्जनला भेटाल तेव्हा विचारा: फिटचा उगम हालचालीच्या पट्ट्यापासून किती लांब आहे? कमजोरी धरलेली आहे की फक्त शक्यता आहे? मॉनिटरिंगला कोण बसणार, पूर्ण वेळ बसणार का? लाट पडली आणि परत आली नाही, तर कुठे थांबायचं ठरवलंय? शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरं मत घ्या.

जाताना फिटचा मोबाईलवरचा व्हिडिओ न्या, तोंड आणि चारही हातपाय चौकटीत दिसतील असा. काढताना पेशंटला नाव विचारा, एखादा शब्द सांगून नंतर आठवतो का बघा. एमआरआयची सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको. ईईजीला (डोक्याला तारा लावून मेंदूची तपासणी) जाताना डोक्याला तेल नको. ऑपरेशनच्या सकाळी उपाशी असलात तरी फिटची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते, भूलतज्ज्ञाला विचारून. आणि टाके निघाले म्हणून गोळ्या बंद होत नाहीत: फिट नसली तरी त्या निदान वर्ष-दोन वर्षं चालतात, मग हळूहळू, डॉक्टरांनी सांगितल्या क्रमानेच उतरवायच्या.