पोल्ट्रीच्या वळणावर

माण तालुक्यातल्या आमच्या शाखा डाकघरातून निघायचं, तीन वस्त्या आणि एक वाडी करून परतायचं, अशी माझी रोजची अकरा किलोमीटरची फेरी. खांद्याला पिशवी, तिच्यात टपाल आणि निराधारांचे पैसे द्यायचं अंगठ्याचं मशीन. सायकल माझी स्वतःची. सहा वर्षांत ऊन, वारा, पंक्चर सगळं अंगवळणी पडलं. कुत्र्यांचं मात्र शिकावं लागलं.

शिकवलं एका म्हाताऱ्या धनगरानं. रानात मेंढरं बसली होती आणि त्यांचं कुत्रं माझ्या मागं लागलेलं. गळ्यात खिळ्यांचा पट्टा, लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून घातलेला. मी जीव खाऊन पायडल मारतेय, तेवढ्यात बाबांनी हाळी दिली, "पोरी, उतर खाली! पळतंय त्येच्या मागं लागायचं, एवढंच त्येला ठावं." उतरले. सायकल मधे आडवी धरली. कुत्रं दोन हातांवर थांबलं, गुरगुरत राहिलं. "आता डोळ्यात बघू नगंस, पाठ फिरवू नगंस. सावकाश चाल." वीसेक पावलांवर त्यानं माझा नाद सोडला. तेव्हापासून कुत्रं दिसलं की मी लांबूनच उतरते. उशीर होतो, होऊ दे.

गेल्या मार्चमधली गोष्ट. वाटेत एका पोल्ट्रीपाशी रस्ता ओढ्याकडं वळतो. मेलेली कोंबडी खोल खड्डा घेऊन पुरायची सोडून तिथं ओढ्यात फेकतात. मी आले तेव्हा त्या वळणावर तीन कुत्री होती, आता अकरा आहेत. आयतं मांस मिळतं, मग ती जागा त्यांची होते आणि रस्ताही. मालकाला मी दोनदा सांगितलं होतं.

त्या दिवशी मी वळणाच्या अलीकडं उतरले आणि मागून सातवीतला एक पोरगा आला, थोरल्या भावाच्या उंच सायकलवर. "मावशी, शाळेला उशीर झालाय," म्हणत पुढं गेला. मी "उतर, उतर" म्हणेपर्यंत कुत्री उठली होती. ती बघून तो सीटवरून उठला आणि उभ्यानं पायडल हाणायला लागला. झुडपातून एक तांबडी कुत्री निघाली. आचळं लोंबत होती, म्हणजे पिल्लं तिथंच कुठंतरी. तिनं थेट पोटरी धरली. पोरगा सायकलसकट आडवा.

मी "हाड!" म्हणून ओरडत दगड उचलायला वाकले. नुसतं वाकल्यावरच बाकीची मागं सरली, तांबडीही सुटली. मी सायकल मधे घातली आणि पोराला उठवून मागं मागं सरत बाहेर काढलं.

पोटरीवर दातांची चार भोकं, त्यातली दोन खोल. रक्त जेमतेम ओघळलेलं. म्हणूनच लोक त्याला किरकोळ समजतात.

जवळच्या वस्तीवर नेलं. त्याची आजी चुना आणि मिरचीपूड घेऊनच धावत आली. मी तिचा हात धरला. "आजी, काही लावायचं नाही. साबण द्या आणि मोटार चालू करा." कपडे धुवायचा निळा साबण मिळाला. पाइपाच्या धारेखाली पाय धरला, फेस केला, वाहू दिला, परत फेस. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पाच मिनिटांनंतर सगळे म्हणाले, झालं की आता. मी सोडलं नाही. रेबीजचा विषाणू त्या भोकांतच असतो, तो तिथंच धुवायचा. एकदा आजाराची लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही.

आजी रडत होती, "पोटात चौदा सुया देत्यात गं, पोर कसं सोसंल?" ती जुनी लस बंद होऊन वीस वर्षं झाली, आता दंडात देतात, हे मी तिला चार वेळा सांगितलं. तोवर दोघं गडी काठ्या घेऊन कुत्रीला मारायला निघाले होते. त्यांच्या आडवी उभी राहिले. ती मेली तर ती पिसाळलेली होती का नाही, हे कळायचं कसं? चावल्यापासून दहा दिवस ती जिवंत आणि धडधाकट राहिली, तर चावताना तिच्या लाळेत रेबीज नव्हता. "दहा दिवस मी बघते," म्हणाले.

चुलत्यानं पोराला गाडीवर आरोग्य केंद्रात नेलं. लस मिळाली. पण खोल चाव्याला जखमेतच टोचायचं सीरम तिथं नव्हतं, त्यासाठी तालुक्याला जावं लागलं. ते संध्याकाळी मिळालं. लसीचे पुढचे डोस ३, ७ आणि २८ व्या दिवशी. माझं टपाल त्या दिवशी अंधार पडल्यावर संपलं.

मग रोज वळणावर उतरून मी आधी तांबडीला शोधायचे. कधी ओढ्यात, कधी बाभळीखाली. खाते का, पाणी पिते का, चाल नीट आहे का, हे लांबून बघायचं आणि वस्तीवर आजीला सांगायचं. आठव्या दिवशी ती दिसलीच नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. नवव्या दिवशी सकाळी पुलाच्या नळ्यात ती पाच पिल्लांना पाजत पडली होती.

दहावा दिवसही नीट गेला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पोरानं २८ व्या दिवसाचा डोसही घेतला. दुसऱ्या सकाळी तो मला वळणावर भेटला. खाली उतरलेला, सायकल ओढ्याच्या बाजूला धरून सावकाश चालत होता.

"मावशी, ती तिकडं हाय," एवढंच हळू म्हणाला. आम्ही दोघं चालत वळण पार केलं.