दादांच्या विहिरीतली गार

रविवार, रात्र. वस्तीवर, तालुका वैजापूर.

दादा, म्हणजे माझे वडील, आज जेवढं बोलले तेवढं गेल्या वर्षभरात बोलले नसतील. उद्या पहाटे संभाजीनगरला परतायचं आहे. मग डबे, शाळा, धावपळ. म्हणून आत्ताच लिहून काढते.

निमित्त आईच्या शिर्डीचं. वैजापूरजवळ समृद्धीवर चढलो आणि बघता बघता शिर्डी आली. दर्शन झालं, प्रसादालयात जेवलो, आईचं मन भरलं. थोरला सातवीत आहे, त्याला खडक आणि खनिजांचा फार नाद लागलाय. इथवर आलोच आहोत तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघू, असा हट्ट त्याने धरला. ह्यांनीही गाडी तिकडे वळवली.

दादांना ते पटलं नव्हतं. "दगडं पाहायला तिकीट काढायचं? जलमभर दगडंच पाह्यले म्या," म्हणाले. ते गाडीतच बसणार होते. धाकटीने हाताला धरून ओढलं म्हणून उतरले.

सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत हे संग्रहालय आहे. के. सी. पांडे यांनी ते २००१ मध्ये सुरू केलं. आत काचेच्या पेट्या, प्रत्येकीत उजेड, आणि त्या उजेडात दगड. दगड म्हणायला जीभ धजत नाही. कुठे हिरवट, पाण्यासारखी नितळ अपोफिलाइटची टोकं, कुठे सुयांचे झुबके बांधून ठेवावेत तसं स्कोलेसाइट. आई ओकेनाइटच्या पेटीपुढे थबकली. पांढरेशुभ्र, लवदार गोळे. "अगं, हा तर बोंडातला कापूस!" म्हणाली. हात लावला तर ते तंतू दबतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत, असं तिथल्या माहिती सांगणाऱ्या मुलीने सांगितलं. आईने हात पाठीमागे बांधून घेतले. पेटी काचेची होती तरी.

दादा मागे राहिले होते. वळून पाहिलं तर एका पेटीला अगदी नाक लावून उभे. आत फिक्या गुलाबी रंगाच्या पाकळ्या, मधे आवळून बांधलेल्या पेंढीसारख्या. स्टिलबाइट. मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले. उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही, सुरुंगांनी तो कान कधीच नेला.

"दादा, काय पाहू राहिले?"

"ही आपल्या विहिरीतली गार हाये."

मला आधी वाटलं, उगाच म्हणतायत. पण ते पुढच्या पेटीकडे गेले, मग त्याच्या पुढच्या. ही लासूरकडच्या विहिरीत लागली होती, ही कन्नडच्या वाटेवर, ही जालन्याकडे. नावं त्यांना एकाचंही ठाऊक नव्हतं. पण कोणती गार कशाच्या खाली लागते, कोणती पहारीने निघते, कोणती नुसत्या हादऱ्याने भुगा होते, हे सगळं ते सांगत होते.

ती माहिती सांगणारी मुलगी एका शाळेच्या मुलांना समजावत होती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. लाव्हातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर यायचा. पिठलं रटरटतं तेव्हा बुडबुडे वर येतात ना, तसा. वरचा भाग गार पडला की ते बुडबुडे तिथेच अडकायचे, खडकात पोकळ्या राहायच्या. पुढे त्यांत कढत पाणी झिरपलं आणि पाण्यातली द्रव्यं हळूहळू जमत ही स्फटिकं वाढली.

दादांनी ऐकलं आणि मान डोलावली. मग म्हणाले, "बरोबर हाये. म्हणूनच गारा गेरूच्या खाली लागत्यात."

मुलीने विचारलं, "काका, गेरूच्या खाली म्हणजे?"

दादांनी दोन्ही तळवे एकावर एक धरले. वर काळी माती. मग मुरूम. मग काळा पाषाण, तो फोडताना जीव जातो. पाषाण संपत आला की एक तांबडा पट्टा, कधी वीतभर, कधी हातभर. तो गेरू. त्याच्या खाली भोकाभोकाचा मऊ खडक, मांजऱ्या. गारा त्यात. "आन् गेरूच्या अंगानं पाणी पाझरू लागलं की समजायचं, विहीर पास."

ती मुलगी क्षणभर थांबली आणि मग तिने शाळेच्या मुलांना जवळ बोलावलं. लाव्हाचा एक थर थंड होऊन उघडा पडायचा, ऊन-पावसाने त्याच्या माथ्याची माती व्हायची. मग त्यावर दुसरा लाव्हा पसरायचा आणि ती माती भाजून तांबडी व्हायची. तोच आजोबांचा गेरू. खालच्या थराचा माथा बुडबुड्यांनी भरलेला, म्हणून स्फटिकं गेरूच्या खाली. "आजोबांनी सांगितलेला क्रम अगदी खरा आहे," म्हणाली.

मी बाजूला होऊन डोळे पुसले.

दादा शेतकरी आहेत, पण आम्हाला वाढवलं ते विहिरींनी. बहात्तरच्या दुष्काळात अठरा वर्षांचे होते. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, दुपारी सुकडी मिळायची. तिथेच सुरुंग लावणाऱ्याच्या हाताखाली शिकले. पुढे स्वतःची टोळी केली. सहा-सात माणसं, पहारी, घण, टोपल्या, आणि खूप नंतर दगड वर ओढायची यारी. उन्हाळा लागला की दादा घरी नसायचे. लोकांच्या शेतात भोक पाडून पाणी काढायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचं. येताना आमच्यासाठी फडक्यात बांधून गारा आणायचे. त्या आम्ही सागरगोट्यांसारख्या खेळायचो, हरवायचो, चिंचेच्या बुडाशी टाकून द्यायचो. एक व्यापारी मोटारसायकलवर यायचा आणि टोपलीभर गारा पन्नास-साठ रुपयांना न्यायचा. दादांना वाटायचं, दगडाचे पैसे मिळाले हेच खूप. आज तिथल्या विक्रीच्या दालनात हातभर दगडाची किंमत त्यांनी वाचली आणि गप्प राहिले. मला त्या माणसाचा राग आला. दादांना आला नाही, किंवा आला असेल तर दाखवला नाही.

शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा असायचा. मी नेहमी "शेती" लिहिलं. विहिरी खोदतात, असं एकदाही लिहिलं नाही. वर्गातल्या कुणाचे वडील मास्तर, कुणाचे ग्रामसेवक, आणि माझे दगड फोडतात, याची मला लाज वाटायची. आज चाळिशीला टेकले तेव्हा हे कागदावर येतंय.

लिहिताना एक जुनी गोष्ट आठवली. नववीत असताना दादा मला वेरूळला घेऊन गेले होते. कैलास लेण्याच्या वरच्या कड्यावर आम्ही उभे होतो. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठवं शतक, एकाच खडकात वरून खाली कोरलेलं देऊळ, हे सगळं मी त्यांना पुस्तकातून वाचून दाखवत होते. बराच वेळ खाली बघून ते म्हणाले, "ही विहीरच हाये. फक्त मधला दगड ठिवलाय." तेव्हा मी हसले होते. आज वाटतं, त्या कामाची अवघड बाजू त्या कड्यावर उभ्या असलेल्यांपैकी त्यांनाच दिसली होती. पहिला घाव कुठे घालायचा, आणि काय फोडायचं नाही.

शेवटी कॅव्हनसाइट पाहिलं. नीळ कालवल्यावर बादलीत उतरते तसा गर्द निळा रंग. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं. थोरल्याने विचारलं, "आबा, हे तुम्हाला लागलं होतं?" दादा बराच वेळ बघत राहिले. "न्हाई. असं कधीच न्हाई पाह्यलं. आपल्याकडं हे नसावं." थोरला हिरमुसला, पण मला दादांचं ते उत्तर फार आवडलं.

बाहेर आल्यावर धाकटीची शंका निघाली. स्टिलबाइटसारख्या दगडांना झिओलाइट म्हणतात, म्हणजे उकळणारा दगड, असं तिने आत ऐकलं होतं. मग दगड उकळतो कसा? १७५६ मध्ये क्रॉन्स्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने असा दगड तापवला, तेव्हा त्यातलं पाणी वाफ होऊन निघालं आणि दगड उकळल्यासारखा दिसला, म्हणून ग्रीक भाषेतून हे नाव. थोरल्याने तिला हे समजावलं. आई म्हणाली, चुलीत गार पडली की तडतडायची, ती त्यामुळेच असेल.

परत वस्तीवर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. दादांनी चहासुद्धा घेतला नाही. कुदळ घेतली आणि विहिरीकडे चालू लागले. थोरला बॅटरी घेऊन मागे. आमची विहीर १९८६ च्या उन्हाळ्यातली, माझ्या जन्मवर्षाची. तेव्हाच्या डबराचा ढिगारा आता बाभळींखाली गेलाय. आई ओसरीवरून हाका मारत होती, आता इचूकाट्याचं कशाला म्हणून. तासाभराने दोघं आले. दादांच्या धोतराला काटे, थोरल्याच्या हातात मातीने भरलेला नारळाएवढा काळा दगड.

हौदावर बसून दादांनी तो धुतला. जुन्या दातांच्या ब्रशने, पोकळीतली माती कोरत, हळूहळू. आत गुलाबी पाकळ्या निघाल्या. काठावरच्या दोन-चार तुटलेल्या, बाकी अख्ख्या. थोरल्याने वहीचं पान फाडलं आणि संग्रहालयात होती तशी चिठ्ठी लिहिली: स्टिलबाइट. आबांची विहीर, तालुका वैजापूर. सात परस खोल.

दादांनी चष्मा लावून वाचली.

"सात न्हाई," म्हणाले. "साडेपाच. गेरू सव्वापाचला लागला व्हता. खोड ते."