देवीची मूर्ती घडवायला टाकली त्याची गोष्ट: कुडाळ ते संगमेश्वर, ४ दिवस

दिवाळीनंतर गावात देवीला कौल लावला आणि उजवा मिळाला, म्हणजे नवीन मूर्ती घडवायला परवानगी मिळाली. आमचं गाव राजापूर तालुक्यातलं. मूळ मूर्ती दही-दूध-मधाच्या अभिषेकानं आणि रोजच्या घासण्यानं इतकी झिजलीय की नाक-डोळे बोटाला लागतात पण नजरेला दिसत नाहीत. काहींचं म्हणणं होतं वज्रलेप, म्हणजे झिजलेल्या मूर्तीवर द्यायचा टणक लेप, करूया, पंढरपूरच्या विठ्ठलालाही लेप दिलेला आहेच, पण गुरव आणि मानकरी दोघंही नवीन मूर्तीवर ठाम राहिले. पालखीतली चांदीची रूपंही, म्हणजे देवीचे मुखवटे, चेपलीयत, ती सारखी करायची, आणि पंचधातूची एक छोटी उत्सवमूर्ती ओतून घ्यायची असं सगळं एकदमच निघालं. मग जानेवारीत मी आणि आमचे चुलत काका, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, असे दोघं गाडी घेऊन निघालो. आधी बघायचं, मग ऑर्डर द्यायची असं अण्णांनी निघतानाच सांगून टाकलं होतं, आणि तेच बरं झालं. जीर्णोद्धाराच्या कामासाठी किंवा नुसतं बघायला म्हणून कुणी जाणार असेल तर उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिले दोन दिवस कुडाळच्या बाजूला काढले. तिथल्या एका गावात पाथरवटांचं घर आहे, आजोबा, मुलगा आणि नातू असे तिघं काम करतात. अंगणात शिरल्या शिरल्या मी पहिला प्रश्न विचारला तो हाच की आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एवढा जांभा पडलाय, घरं त्याच्याच चिऱ्यांची, मग देव जांभ्याचा का नको? आजोबांनी कोपऱ्यातला एक चिरा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले नखानं ओरखडा काढ. सहज निघाला. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होत जातो, भिंतीला उत्तम, पण अंगभर भोकं असतात, नाकाची कड, बोटांची पेरं त्याच्यात धरतच नाहीत. मूर्तीला लागतो काळवत्री, म्हणजे बेसॉल्ट. गंमत म्हणजे दोघं एकाच घरातले, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड झाला आणि तोच लाखो वर्षं ऊनपावसात कुजून वरचा लाल जांभा झाला.

दगड निवडण्यातच अर्धी विद्या आहे हे मला तिथं कळलं. आजोबा प्रत्येक शिळेवर चार-पाच ठिकाणी छोट्या हातोडीनं टकटक करून कान लावायचे. "दगड आधी आयकूचो, मगे फोडूचो," असं म्हणाले. चांगली शिळा घंटेसारखी वाजते, आत चीर असली की आवाज बद्द येतो. आपल्या शिल्पशास्त्रात पुरुषशिला, स्त्रीशिला, नपुंसकशिला असे प्रकार सांगितलेत तेही या आवाजावरूनच. एवढं करूनही कधी फसतं. अंगणात तुळशीमागं एक नंदी होता, मान आणि पाठ सुंदर घडलेली, आणि मानेपासून खांद्यापर्यंत एक पांढरी शीर. दोन महिने काम झाल्यावर ती निघाली आणि तुकडा सुटला. विकला नाही, टाकलाही नाही, नातवंडं त्याच्यावर बसून मोठी झाली असं त्यांची सून सांगत होती. मी त्या नंदीजवळ बराच वेळ बसून राहिलो.

काम कसं चालतं तर आधी शिळेचा पुढचा भाग सपाट करून त्यावर गेरूनं रेघा. मधली उभी रेघ, मग ताल. चेहऱ्याची उंची म्हणजे १ ताल, त्याची १२ अंगुळं, नवताल मूर्ती म्हणजे १०८ अंगुळं, आणि ही अंगुळं काही फुटपट्टीवरची नाहीत, त्या मूर्तीच्याच चेहऱ्यावरून काढायची, त्यामुळं मूर्ती वीतभर असो नाहीतर पुरुषभर, माप बिघडत नाही. मग सुतकी म्हणजे जड हातोडा आणि जाड टाकी म्हणजे दगडाची छिन्नी, यांनी नको असलेला दगड उडवायचा. हल्ली हा पहिला टप्पा बरेच जण ग्राइंडरनं करतात, हेही करतात आणि लपवत नाहीत. आठवड्याचं काम दिवसात होतं आणि त्यात मला वावगं वाटलं नाही. पण चेहरा, बोटं, दागिने सगळं हातानंच, कारण ग्राइंडरला पुढचा दगड कसा आहे ते कळत नाही, टाकी धरलेल्या हाताला कळतं.

सगळ्यात जास्त वेळ मी टाकीला धार लावताना बघण्यात घालवला. बेसॉल्टवर टाकी फार लवकर बोथट होते, म्हणून रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या पंचवीस-तीस टाक्या तयार ठेवतात. भात्यावर टोक लाल करायचं, ऐरणीवर ठोकून निमुळतं करायचं, मग पाणी द्यायचं. नुसतं बुडवून भागत नाही. टोक पाण्यात टेकवून वर काढतात आणि मागची उष्णता पुढं सरकताना लोखंडावर रंग चढतो तो बघत बसतात, वाळल्या गवतासारखा पिवळा आला की परत पाण्यात. आधी बुडवली तर टोक काचेसारखं तुटतं, उशीर झाला तर वाकतं. नातवाला ते अजून जमत नाही, तो तसं सरळ सांगत होता. हल्ली कार्बाइडचं टोक लावलेल्या टाक्या विकत मिळतात, त्याही होत्या, पण नाजूक कामाला आजोबा घरच्याच घेतात.

आणि एक, मूर्ती घडताना काळी नसतेच! टाकीचा घाव पडला की दगड राखाडी, जवळजवळ पांढुरका दिसतो. कुरुंदाच्या दगडानं पाणी घालत घालत घासत गेलं की आतला काळा वर येतो, शेवटी तेल. म्हणून कामाच्या मधल्या अवस्थेतले फोटो बघून कमिटीतल्या कुणी घाबरू नये, आमच्या ग्रुपवर दोघांनी लगेच विचारलं होतं की हा दगड वेगळा का. डोळे सगळ्यात शेवटी, आणि त्यातलीही शेवटची रेघ प्रतिष्ठेच्या वेळी सोन्याच्या शलाकेनं.

दुसरा दिवस धातूचा. रूपांसाठी आमच्याकडचे सोनार आहेत त्यांचंच घराणं कुडाळला आहे, तिथं बसलो. चांदीचा पत्रा राळेच्या थरावर बसवतात, राळेत विटेची पूड आणि थोडं तेल असतं म्हणजे ती ठोक्याखाली दबते पण फुटत नाही. मागच्या बाजूनं बोथट ठशांनी गाल, नाक, कपाळ उठवायचं, मग पत्रा सोडवून पालथा करून पुढून बारीक ठशांनी डोळे आणि ओठ. ठोकून ठोकून चांदी कडक होते, मग तापवून परत नरम करायची, एका मुखवट्याला असं कितीतरी वेळा. चांदी ९६१ अंशाला वितळते, त्यामुळं फुंकणी एक क्षण जास्त थांबली तर चेहराच जायचा. आमची जुनी रूपं बघून सोनारदादा म्हणाले ही वितळवू नका, मागून उठवून चेप काढतो. अण्णांचे डोळे भरून आले, ती त्यांच्या आजोबांच्या वेळची.

उत्सवमूर्तीचं ओतकाम शहराबाहेरच्या एका छोट्या कार्यशाळेत. मेणात राळ मिसळून आधी पूर्ण मूर्ती मेणाची करतात, दागिन्यांच्या मेणाच्या बारीक वळ्या करून चिकटवतात. दगडात फक्त काढता येतं, चुकलं तर परत लावता येत नाही, इथं मेण आहे तोवर घालता येतं, पुसता येतं. त्यावर वस्त्रगाळ वारुळाची माती, शेण आणि तुसाची राख यांचे थर, सावलीत वाळवून. मग साचा तापवायचा, मेण वाहून जातं आणि त्या पोकळीत मुशीतला रस ओततात. साचा गरमच हवा आणि पूर्ण कोरडा, ओल राहिली तर वाफ होऊन रस उसळतो. किती धातू लागेल ते मेणाच्या वजनावरून ठरतं, पितळ-कांसं मेणाच्या साधारण नऊपट जड, वर रस आत जाण्याच्या नळ्यांसाठी थोडं जास्त. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२व्या शतकातल्या मानसोल्लासात ही सगळी रीत लिहिलेली आहे, आणि मी ती कुडाळात पत्र्याच्या शेडमध्ये बघत होतो! थंड झाल्यावर साचा फोडायचा, म्हणजे एका साच्याची एकच मूर्ती. बाहेर येते ती काळीकुट्ट, खरबरीत, नळ्यांचे खुंट लागलेली, पुढं कित्येक दिवस कानस आणि छिन्नी.

राहिलेले दोन दिवस जुनं काम बघायचं ठरवलं होतं, आणि माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला हाच की हाच क्रम ठेवा. रत्नागिरी तालुक्यातल्या कोळिसऱ्याला मी आधी तीनदा गेलोय, पण लक्ष्मीकेशवाची ती काळी मूर्ती या वेळी पहिल्यांदा दिसली असं वाटलं. उजव्या खालच्या हातात पद्म, वर शंख, डाव्या वरच्या हातात चक्र, खाली गदा, या क्रमावरूनच तो केशव ठरतो. एका अखंड शिळेत बोटांच्या मधला दगड काढलाय, तिथं टाकी कुठल्या कोनात धरली असेल याचाच विचार करत राहिलो. देऊळ झाडीत खाली आहे, पायऱ्या बऱ्याच, ज्येष्ठांना घेऊन सकाळी लवकर जा. गाभाऱ्यात फोटो काढायच्या आधी पुजारीकाकांना विचारा. कसबा संगमेश्वरचं कर्णेश्वर तर अर्धा दिवस द्यावा असं आहे, छताची नक्षी बघायला मोबाइलचा टॉर्च सरळ मारू नका, बाजूनं तिरका धरा, उठाव मग दिसतो.

तिरक्या उजेडाचा धडा मी उक्षीला घेतला. कातळशिल्पातला, म्हणजे जमिनीवरच्या उघड्या कातळात खोदलेला, हत्ती बघायला आम्ही भर दुपारी बाराला पोचलो आणि भोवतीच्या कठड्यावरून मला लाल कातळाशिवाय काहीच दिसेना. एवढं ऊन, टोपी नाही, पाणी संपलेलं, अण्णांना गरगरायला लागलं. गावात परत येऊन एका घरी ताक प्यायलो, त्या वहिनींनी पैसे घेतले नाहीत, पाच वाजता परत गेलो आणि सावली रेघांत शिरल्यावर हत्ती अख्खा उभा राहिला. मूर्तीला नको म्हटलेल्या त्याच जांभ्यात, नुसती बाह्यरेषा खोदून! कशेळीचा हत्ती याहून मोठा, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात मासे, प्राणी असे कितीतरी आकार. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, पावसात गवत आणि शेवाळ चढतं. चपला काढून बाजूनं चाला, रेघांत खडू किंवा पाणी भरून फोटो काढू नका. कशेळीलाच कनकादित्याचं देऊळ आहे, ते चुकवू नका. वेळ असेल तर सावर्ड्याला सह्याद्री शिक्षण संस्थेचं कला महाविद्यालय आहे, आम्हाला जमलं नाही.

आता मूर्ती घडवायला देणाऱ्यांसाठी थोडं. ऑर्डर देण्याआधी शिळा स्वतः बघा आणि वाजवून दाखवायला सांगा, कुणी रागावत नाही. पाषाणाच्या तीन फुटी मूर्तीला सहा-सात महिने धरा, पावसाळ्यात काम मंदावतं. चित्र देताना एकच द्या, पाच फोटो पाठवून याचा मुकुट त्याचे डोळे असं करू नका. घासाघीस अण्णांनी केली नाही आणि मला ते पटलं. कामाजवळ बसणार असाल तर चष्मा हवा, कपच्या डोळ्यात उडतात, आणि ग्राइंडर चालू असताना तोंडावर रुमाल. पाथरवटांनाही आम्ही पुढच्या खेपेला चांगले मास्क नेणार आहोत, तिघंही नुसता पंचा गुंडाळून त्या धुळीत बसतात.

आमची मूर्ती पुढच्या माघात तयार होईल. आणायला टेम्पो ठरवताना हौद्यात जुने टायर आणि वर भाताचा पेंढा भरपूर घाला, मूर्ती पाठीवर आडवी, हात आणि नाक कशालाही न टेकता. दोरी दगडावर थेट नको, मध्ये गोणपाट. चार माणसं उचलायला नाही, सहा न्या, आणि घाट उतरताना दोघं मागं बसा.