तुम्ही विचारलंत म्हणून: जलरंगाची सुरुवात कशानं करावी?

“जलरंग शिकायचेत, रंग कोणते घेऊ?” उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी कधी एलिमेंटरी-इंटरमिजिएट झालेली मुलगी असते, कधी निवृत्त गुरुजी, कधी मोबाईलवर व्हिडिओ पाहून हात शिवशिवायला लागलेला कास्तकार. सगळ्यांना माझं उत्तर एकच: रंगांचं नंतर बघू, आधी कागद घ्या.

तालुक्याच्या गावी ‘ड्रॉइंग शीट’ म्हणून मिळतो तो कागद पेन्सिलीला आणि पोस्टर कलरला चालतो. जलरंगाला तो पुरत नाही. पाणी पडलं की तो फुगतो, खळग्यांत रंग साचतो, आणि त्याच जागी दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की वरची लव निघून येते. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनसारख्या पदार्थाची खळ दिलेली असते. ती रंगाला थोडा वेळ वरच धरून ठेवते, म्हणून तो हलवता येतो, पसरवता येतो, नको असेल तिथून उचलताही येतो. साध्या कागदात तो टेकताक्षणी मुरतो आणि डाग पडतो. नवशिक्याला वाटतं आपला हात वाईट आहे. हाताचा त्यात काही दोष नसतो.

कागद ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम), ‘कोल्ड प्रेस्ड’ म्हणजे किंचित खरबरीत घ्या. शंभर टक्के कॉटनचा सगळ्यांत चांगला, पण महाग. तेव्हा सरावाला साधा ३०० जीएसएमचा पॅड आणि सोबत कॉटनचा एक मोठा ताव असं जमवा. २२ × ३० इंचांच्या तावाचे साडेसात × अकरा इंचांचे बरोबर आठ तुकडे होतात, आणि दोन्ही बाजू वापरता येतात. नागपूर-अमरावतीला कोणी जात असेल तर त्याच्याकडून मागवा, नाहीतर ऑनलाइन. गुंडाळी करून आणायला मात्र सांगू नका, ती वळणं जाता जात नाहीत.

रंग विद्यार्थ्यांसाठीच्या ५ मिलीच्या ट्यूबमधले चालतील. सहा पुरेत: लेमन यलो, यलो ऑकर, वर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). पोस्टर कलर नकोत, ते झाकणारे असतात. जलरंगात उजेड खालच्या पांढऱ्या कागदातून येतो, म्हणून पांढरा रंगही बाजूलाच ठेवा. काळ्याची तर गरजच नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट कालवले की आपल्या काळ्या मातीचा रंग मिळतो. निळा जास्त घेतला तर पावसानं भिजलेलं वावर, सिएना जास्त घेतला तर मे महिन्यात भेगा पडलेलं. तेच मिश्रण पाण्यात पातळ केलं की आषाढातलं आभाळ. जलरंग म्हणजे फिकं चित्र, असा समज बऱ्याच जणांचा असतो. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या मुलीचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यातला तो गडद अंधार जलरंगातलाच आहे.

ट्यूब वाळून दगड झाली तर फेकू नका. मागून कापा, गोळा काढा आणि पाण्याचे दोन थेंब टाका. रंग डिंकात बांधलेला असतो, तो पुन्हा विरघळतो.

ब्रश तीनच: गोल १० किंवा १२ नंबर, गोल ६ नंबर आणि एक इंची चपटा, सगळे सिंथेटिक. लहान ब्रशनं सुरुवात करणं ही फार मोठी अडचण होते, कारण त्यात पाणीच मावत नाही. पॅलेटसाठी बाथरूमच्या कामातून उरलेली पांढरी गुळगुळीत टाइल प्लास्टिकपेक्षा बरी, कारण प्लास्टिकवर रंगाचे थेंब गोळा होतात. परीक्षेचा पॅड हा बोर्ड. कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपनं चिकटवा. जुन्या बनियनचा तुकडा आणि पाण्याची दोन भांडी घ्या, एक ब्रश धुवायला, दुसरं स्वच्छ पाणी घ्यायला. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या गावांत बोअरचं पाणी वापरू नका. क्षारांमुळे रंगाचे कण एकमेकांना चिकटतात आणि सपाट लावलेला रंग ठिपकेदार, मळकट वाळतो. प्यायच्या कॅनमधलं वाटीभर पाणी पुरतं.

खरं शिक्षण आता सुरू होतं, आणि ते रंगाचं नाही, ओलाव्याचं आहे.

एक चौकोन स्वच्छ पाण्यानं भिजवा आणि डोळे कागदाच्या पातळीला आणून उजेडाच्या दिशेनं तिरपं बघा. आधी पाणी आरशासारखं चमकतं. मग चमक मंद होते, कागदाचा खरबरीतपणा दिसू लागतो. मग चमक जाते, पण बोटाची मागची बाजू लावली तर कागद गार लागतो. शेवटी गारवाही जातो. या चार अवस्था ओळखता आल्या की अर्धं काम झालं. पहिल्या अवस्थेत रंग टाकला तर तो वाटेल तिकडे पळतो, ढगांना तेच हवं असतं. दुसऱ्या अवस्थेत तो मऊ कडेनं थांबतो, दूरच्या झाडीला ही वेळ उत्तम. तिसऱ्या अवस्थेत हात मागे घ्या. यावेळी ओला ब्रश टेकवला की नवं पाणी अर्धवट वाळलेल्या रंगात घुसतं, रंगाचे कण ढकलत कडेला नेतं आणि फुलकोबीसारखा दातेरी डाग उमटतो. तो पुसायला गेलात की वाढतो. पूर्ण वाळू द्या, मगच त्यावर दुसरा थर.

यातून एकच नियम निघतो: ओल्या कागदावर पुढचा रंग घालताना ब्रशमधलं पाणी कागदावरच्या पाण्यापेक्षा कमी हवं. ब्रश रंगात बुडवल्यावर बनियनच्या तुकड्याला एकदा टेकवायचा, बस.

व्हिडिओतली मिनिटं इथं धरू नका, त्यातले बरेचसे थंड, दमट मुलखात काढलेले असतात. तिथं पाच मिनिटं ओला राहणारा कागद आपल्याकडे वैशाखात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, दीड-दोन मिनिटांत तिसऱ्या अवस्थेला येतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत बसा. कागद दोन्ही बाजूंनी भिजवा आणि टेप न लावता सरळ टाइलवर पसरा. खालचं पाणी वर झिरपत राहतं आणि वेळ चांगलाच वाढतो. कूलरच्या खोलीत बसायला हरकत नाही, हवा दमट असते, फक्त झोत कागदावर नको, एक बाजू आधी वाळते. रंग आधी भरपूर कालवून ठेवा. अर्ध्या आभाळाशी रंग संपला आणि पुन्हा कालवत बसलात तर तिथं कड पडणारच.

पहिला सराव सपाट रंगाचा. बोर्डच्या वरच्या कडेखाली दोन वह्या ठेवून उतार द्या. दोन चमचे पाण्यात अल्ट्रामरीनचा तुरीच्या दाण्याएवढा गोळा कालवा. मोठा ब्रश भरून वरून डावीकडून उजवीकडे एक आडवा पट्टा ओढा, खालच्या कडेला रंगाची ओळ साचली पाहिजे. पुढचा पट्टा त्या ओळीला स्पर्श करत ओढा. असं खालपर्यंत. शेवटी साचलेलं पाणी कोरड्या केलेल्या ब्रशनं टिपून घ्या, नाहीतर ते वर चढून फुलकोबी करतं. मध्ये राहिलेली पांढरी फट भरायला मागे जाऊ नका. वाळल्यावर रंग फिका दिसेल, तो दिसतोच. लावताना मनातल्यापेक्षा थोडा गडद लावायचा.

मग एक संत्रा घ्या. खिडकीजवळ ठेवा, उजेड एकाच बाजूनं येऊ द्या. पेन्सिलीची रेघ हलकी, खोडरबर जवळजवळ नाहीच, कारण त्यानं खळ खरवडली जाते. लेमन यलोमध्ये थोडा वर्मिलियन घालून पातळ रंग करा आणि चमकणारा ठिपका कोरडा सोडून सगळं फळ रंगवा. चमक मंद होईपर्यंत थांबा. आता सावलीच्या बाजूनं जास्त वर्मिलियन, कमी पाणी. अगदी खालच्या काठाला वर्मिलियनमध्ये अल्ट्रामरीनचा जेमतेम स्पर्श. आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलोऱ्याचा) संत्रा असेल तर देठाकडे हिरवट छटा असते, तिथं लेमन यलोत तेवढाच निळा. इथं घाई केली तर सगळं एकत्र होऊन गढूळ तपकिरी होतं, कारण नारिंगी आणि निळा एकमेकांना मारतात. पूर्ण वाळल्यावर जमिनीवरची सावली: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, पातळ, एकाच हातात. फळाला टेकते तिथं सर्वांत गडद. पांढरा ठिपका चुकून भरला गेला तर ओलसर ब्रशनं घासून कापडानं टिपा, चांगल्या कागदावर बराचसा परत येतो. असे दहा संत्रे काढा. कवेलूचं घर, पऱ्हाटीचं वावर, धुऱ्यावरचा पळस त्यानंतर.

पळसाला तर हीच घडण लागते: आधी फुलांचे नारिंगी ठिपके, मध्ये कागद मोकळा ठेवून, ते वाळले की त्यांच्यामधून काळपट फांद्या. फांद्या आधी काढून त्यावर फुलं ठेवायला गेलात तर पारदर्शक रंग खालचा काळा झाकणार नाही आणि फूल मेल्यासारखं दिसेल.

पावसाळ्यात सगळं उलटं होतं, एक थर वाळायला अर्धा तासही लागतो. त्या दिवसांत कागद भिंतीला टेकवून ठेवू नका. ओल लागून खळ बिघडली की रंग लावताच आधी न दिसणारे गडद ठिपके उमटतात आणि तो कागद मग सरावापुरताच उरतो. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून लोखंडी कपाटात आडवा ठेवा.