अठ्ठावन्न मतांचा फरक

बँकेत मी सत्तावीस वर्षं रोखपाल होते. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर घरी जायचं नाही, ही सवय अजून सुटलेली नाही. बहुतेक म्हणूनच २०२४ च्या विधानसभेला आमच्या उमेदवाराने, म्हणजे भाऊंनी, मला मतमोजणीला बसवलं. पक्ष कोणता ते सांगत नाही. सांगितला की पुढचं कोणी वाचत नाही, थेट भांडायलाच येतात. मतदारसंघ मुंबईच्या पश्चिम उपनगरातला, एवढं पुरे.

त्या वर्षी आमच्या भागात मोजणीला बसणाऱ्या माणसाला अचानक भाव आला होता. जूनमध्ये लोकसभेची मोजणी झाली आणि मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल लागला: रवींद्र वायकर ४,५२,६४४, अमोल कीर्तिकर ४,५२,५९६. फरक ४८. आमच्या गल्लीतल्या एका लग्नाच्या पंगतीतसुद्धा याहून जास्त माणसं असतात. गंमत म्हणजे यंत्रांतली मतं मोजून झाली तेव्हा कीर्तिकर एका मताने पुढे होते, टपाली मतांनी पारडं फिरलं. तेव्हापासून भाऊंनी घोकायला घेतलं, "काकू, मोजणीला पोरंटोरं नकोत. हिशेबातली माणसं हवीत."

२० नोव्हेंबरला मतदान झालं, मोजणी २३ तारखेला. ओळखपत्र गळ्यात घालून सकाळी साडेसहालाच रांगेत उभी राहिले. मोबाइल बाहेर. आत न्यायचं म्हणजे पेन, कोरे कागद आणि १७ सी.

हा १७ सी म्हणजे काय, ते मलाही आदल्या आठवड्यापर्यंत नीट ठाऊक नव्हतं. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष यंत्राचं 'क्लोज' बटण दाबतो. त्यानंतर त्यात एकही मत पडू शकत नाही. मग तो एक फॉर्म भरतो: यंत्राचा नंबर, कागदी सीलांचे नंबर, एकूण किती मतं नोंदली गेली. या फॉर्मची प्रत तिथे हजर असलेल्या प्रत्येक पक्षाच्या पोलिंग एजंटला द्यायची असा नियमच आहे. मोजणीच्या दिवशी तेच यंत्र समोर आलं की नंबर जुळवायचे, एकूण आकडा जुळवायचा. आमच्या बँकेत दिवसअखेर व्हाउचर जुळवायचो तसंच अगदी. आदल्या रात्री भाऊंच्या कार्यालयातून माझी फाइल हातात आली. माझ्या वाट्याला टेबल नऊ. चौदा टेबलं, वीस फेऱ्या, म्हणजे माझी वीस केंद्रं. फाइलमध्ये १७ सी होते तेरा. चार केंद्रांच्या वहीतून फाडलेल्या चिठ्ठ्या. तिघांचं काहीच नाही.

"बाकीचे?" मी विचारलं.

"येतील सकाळी," कार्यालयातला मुलगा म्हणाला. सकाळी काही आले नाहीत.

आत जाळी. जाळीच्या पलीकडे टेबलावर पर्यवेक्षक, मदतनीस आणि मायक्रो ऑब्झर्व्हर; अलीकडे आम्ही, वेगवेगळ्या उमेदवारांची माणसं, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर गुडघ्याला गुडघा लावून. आठला टपाली मतं सुरू झाली, साडेआठला यंत्रं. येतं ते फक्त कंट्रोल युनिट, म्हणजे यंत्राचा मतं साठवणारा भाग, सुटकेससारख्या पेटीतून. पर्यवेक्षक ते उचलून जाळीपाशी धरतो, सील दाखवतो, नंबर वाचून दाखवतो. मग आतलं हिरवं कागदी सील भोसकून 'रिझल्ट' बटण दाबतो आणि पडद्यावर उमेदवारांच्या क्रमाने आकडे सरकू लागतात. लिहायला तुम्हाला एक-दोन श्वासांचा वेळ मिळतो. पहिल्या फेरीत माझा हात थरथरला, दुसरीत बसला. तिसऱ्या फेरीपासून मला ते बँकेतल्या काउंटरसारखं वाटायला लागलं.

माझ्या शेजारी ज्या बाई होत्या त्यांच्या यंत्रावर बॅटरी ९९ टक्के दिसली. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दिवसभर चाललेलं यंत्र आणि ९९?" ऑक्टोबरमध्ये हरियाणाच्या निकालानंतर याच मुद्द्यावर गदारोळ झाला होता. निवडणूक आयोगाचं म्हणणं असं की बॅटरी ७.४ व्होल्टच्या वर असेपर्यंत पडदा ९९ च दाखवतो, त्याखाली उतरली की मग खरी टक्केवारी. खरं-खोटं मी कसं सांगणार? मी टक्केवारी लिहून ठेवली आणि पुढे गेले. माझ्याकडे जुळवायला एकूण मतं होती, बॅटरीचं मला काय जुळवता येणार?

सातव्या फेरीला ९३ नंबरचं केंद्र आलं.

माझ्याकडे त्याची चिठ्ठी होती. निळ्या शाईत, आमच्या शेजारच्या इमारतीतल्या पोराच्या अक्षरात: '९३ – ५८३'. पर्यवेक्षकाने 'टोटल' दाबलं. पडद्यावर ६४१.

अठ्ठावन्न मतं जास्त. मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली तेही कळलं नाही.

"साहेब, थांबा. हे यंत्र बाजूला ठेवा. आमच्याकडे ५८३ आहे."

पर्यवेक्षक पन्नाशीतला, शिक्षकासारखा दिसणारा माणूस. चिडला नाही. "मॅडम, तुमचा १७ सी दाखवा."

मी चिठ्ठी दाखवली. त्याने ती न हसता बघितली, हे त्याचे उपकार. मग स्वतःचा १७ सी जाळीला टेकवला. एकूण नोंदलेली मतं ६४१. यंत्राचा नंबर तोच, सीलचा नंबर तोच. खाली सह्या तीन. आमच्यासमोरच्या उमेदवाराच्या एजंटची होती, एका अपक्षाच्या एजंटचीही होती. आमच्या पोराची नव्हती.

नियम मला पाठ होता: यंत्रातला आकडा १७ सीशी जुळला नाही तर ते यंत्र बाजूला ठेवतात आणि विजयाचा फरक त्या मतांपेक्षा कमी असेल तरच त्याचं शेवटी बघतात. पण इथे १७ सी जुळतच होता, जुळत नव्हती ती आमची चिठ्ठी. मी पडलेली खुर्ची उचलली आणि बसले. शेजारच्या बाईंनी हळूच पाण्याची बाटली पुढे केली. समोरच्या पक्षाच्या बाई होत्या त्या, हे मला नंतर लक्षात आलं.

पुढच्या फेऱ्या सांगण्यासारख्या नाहीत. आम्ही हरत होतो आणि ते चौदाव्या फेरीलाच दिसू लागलं होतं. शेवटी पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे मत दिल्यावर यंत्रातून छापून पडणारे कागद, मोजायच्या असतात. मतदारसंघातल्या सगळ्या केंद्रांचे नंबर घड्या घालून डब्यात टाकतात, हलवतात आणि पाच काढतात. चिठ्ठ्या पंचवीस-पंचवीसच्या गठ्ठ्यांत बांधून मोजतात. नोटांसारखंच. त्या टेबलावर मी मुद्दाम जाऊन बसले. बोटांनी कागद मोजलेला बघितला की मला बरं वाटतं. पाचही जुळले. निकाल जाहीर करायच्या आधी अधिकाऱ्याने विचारलं, फेरमोजणीचा लेखी अर्ज कोणाचा आहे का. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही. कारण काय लिहिणार होतो? तेच बटण दुसऱ्यांदा दाबलं तर आकडा बदलत नाही. बाहेर आलो तेव्हा गेटपाशी आमचीच पोरं ओरडत होती, मशीनच्या नावाने. त्यांना गप्प करायला मला तोंड नव्हतं. त्यांच्याबरोबर ओरडायलाही नव्हतं.

त्या रात्री राज्यभर तोच सूर होता. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाचची टक्केवारी ५८.२२ आली होती, अंतिम आकडा ६६.०५ निघाला. "एका तासात एवढी मतं?" हा प्रश्न आमच्या सोसायटीच्या गच्चीपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीत तर गावकऱ्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर स्वतःचं मतदान घ्यायचं ठरवलं, पोलिसांनी होऊ दिलं नाही. तिथला त्यांचा उमेदवार जिंकलेला होता, तरीही! मला ते कौतुकाचं वाटलं आणि थोडं विचित्रही.

मला मात्र ९३ झोपू देईना. दोन दिवसांनी भाजीवालीकडे समोरच्या पक्षाची त्या केंद्रावरची एजंट भेटली, आमच्याच गल्लीतली. विचारलं.

"काकू, मी होते ना शेवटपर्यंत," ती म्हणाली. "सहाला दार बंद केलं तेव्हा ही एवढी रांग. कामावरून सुटलेली सगळी वस्ती एकदम आली. केंद्राध्यक्षांनी शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटल्या, म्हणजे मागून नवीन कोणी घुसायला नको. मशीन बंद करायला सात वाजले. तुमचा पोरगा कुठे होता?"

पोरगा घरीच होता. त्याला बोलावलं. दहा मिनिटं खाली बघत होता.

"काकू, मी साडेपाचला निघालो."

"पहाटे?"

"संध्याकाळी. पहाटे तर सव्वापाचला पोचलो होतो, मॉक पोलच्या चाचणीला. पाचचा आकडा केंद्राध्यक्षांनी सांगितला, ५८३. म्हटलं आता काय, अजून चार-पाच पडतील."

"आणि निघालास का?"

"भूक लागली होती. सकाळपासून दोन बिस्किटांचे पुडे. दुपारचं पाकीट येणार म्हणून सांगितलं होतं, आलंच नाही. बाजूचा एजंट पोळीभाजी खात होता, मी बघत होतो."

मी त्याला ओरडायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. उपाशी माणसाला बारा तास बाकावर बसवून वर त्याच्याकडून सही मागणारे आपणच.

दरम्यान भाऊंचा वकील दुसराच हिशेब मांडून बसला होता. २६ एप्रिल २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालापासून सात दिवसांत मतदारसंघातल्या ५ टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. खर्च अर्जदाराचा: तेव्हा यंत्रामागे ४०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७,२००. आमची २८० केंद्रं, ५ टक्के म्हणजे १४ यंत्रं. मी वहीत गुणाकार केला: ६,६०,८००. छेडछाड निघाली तर पैसे परत. तपासणी मात्र ४५ दिवस उलटल्यावरच, कारण तेवढ्या मुदतीत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल होऊ शकते आणि तोवर यंत्रांना कोणी हात लावत नाही. आमची ती मुदत ७ जानेवारीला संपत होती.

"काकू, कुठली चौदा मागायची?" भाऊंनी विचारलं. "तुम्ही सांगाल ती."

तीन रात्री मी जेवणाच्या टेबलावर बसले. मोजणीच्या दिवशी आमच्या सगळ्यांनी टेबलावर लिहिलेले आकडे एका बाजूला, १७ सी दुसऱ्या बाजूला. २८० केंद्रांपैकी खरा १७ सी हातात होता १७१ चा. त्यातले १६८ तंतोतंत जुळले. उरलेल्या तिघांत एक १ आणि ७ चा घोळ, एक आमच्याच माणसाने ओळ चुकवलेली. एक नाही उलगडला. दोन मतांचा फरक. बँकेत असते तर दोन रुपयांसाठी रात्रभर बसले असते. इथे त्या दोन मतांनी काही होणार नव्हतं आणि तरी ते अजून खुपतं.

आणि १०९ केंद्रांचा कागदच नाही. त्यांच्याबद्दल मी हो म्हणू शकत नव्हते, नाहीही म्हणू शकत नव्हते.

२९ तारखेला रात्री भाऊंकडे गेले. "भाऊ, ज्या केंद्रांचा कागद आहे तिथे मला काही सापडलं नाही. जिथे संशय आहे तिथे आपल्याकडे कागद नाही. साडेसहा लाख घालून आपण काय दाखवणार? आणि याचिका केली तर न्यायाधीश पहिल्यांदा विचारतील, तुमचा एजंट कुठे होता."

भाऊ बराच वेळ गप्प बसले. वहिनींनी चहा आणला, तो निवला. मग म्हणाले, "म्हणजे मी हरलो." निकाल लागून सहा दिवस झाले होते आणि मला वाटतं तोवर ते हरलेले नव्हते.

अर्ज केला नाही. काही कार्यकर्ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या मते मी हिंमत घालवली. तपासणीची मागणी करणं चूक होतं असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. ज्यांच्याकडे कागद होते त्यांनी राज्यात ठिकठिकाणी अर्ज केलेही, आणि या तपासणीत यंत्रातला डेटा पुसू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाला सांगितलं. तो मुद्दा खराच होता. आधीची मतं पुसून घेतलेल्या नुसत्या नव्या चाचणी-मतदानातून जुन्या मतांचं काय कळणार? कीर्तिकरांची लोकसभेच्या त्या निकालाविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने त्याआधीच डिसेंबरमध्ये फेटाळली होती. ४८ मतांवर भांडायला निदान त्यांच्याकडे काहीतरी होतं. आमच्याकडे ५८ चा फरक होता, आणि तोही एका उपाशी पोराच्या चिठ्ठीवरचा.

फाइल माळ्यावर ठेवली. महापालिकेची निवडणूक जाहीर झाली तेव्हा भाऊंचा फोन आला.

"काकू, १६ जानेवारीला मोकळ्या आहात ना? मोजणी आहे."

"मोजणीचं नंतर," मी म्हटलं. "१५ तारखेला बूथवरच्या पोरांना दुपारचं जेवण कोण पोचवणार, त्याचं नाव आणि नंबर आधी पाठवा."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग भाऊ म्हणाले, "वहिनीला सांगतो."

"वहिनी एकटी नाही. दोन माणसं, दोन स्कूटर. आणि भाजी कोरडी. रस्सा सांडतो कागदांवर."