चिनी भाषेत बाराखडी संपत नाही

भाषा शिकणे म्हणजे काय, याचे एक चित्र आपल्या मनात पहिलीच्या वर्गातच पक्के होते. आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग जोडाक्षरे, आणि मग एके दिवशी रस्त्याने जाताना दुकानावरची पाटी आपल्याला वाचता येते. बडोद्यात वाढलेल्या आम्हा मराठी मुलांनी तर हा अनुभव दोनदा घेतला आहे, कारण घरी देवनागरी आणि बाहेर गुजराती; शिरोरेषा काढून टाकली आणि थोड्या अक्षरांची वेगळी वळणे डोळ्यांत बसली की महिन्याभरात गुजराती वर्तमानपत्र हातात घेता येत असे. माझे आजोबा मोडी वाचत, आणि तेही सांगत की अक्षरे एकदा हाताला बसली की लिपी संपली. 2022 च्या जानेवारीत मी चिनी शिकायला बसले, तेव्हा चौकडीच्या वहीच्या पहिल्या पानावर मी अगदी सहजपणे लिहिले होते: 'वर्षअखेर अक्षरे पूर्ण.'

पुढे दीड वर्षात माझा उत्साह ज्या तऱ्हेने ओसरला, त्याचे मूळ या एका ओळीत होते असे मला आता वाटते. चिनी शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाला कोणी हे आधी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

चिनीत वर्णमालाच नाही. प्रत्येक चिन्ह म्हणजे एक अक्षर, त्याला स्वतःचा उच्चार आणि बहुतेक वेळा स्वतःचा अर्थ. चीनमध्ये 1988 साली नित्य वापरातील अक्षरांची जी अधिकृत यादी निघाली, तिच्यात 3500 अक्षरे आहेत. त्यांतील पहिली 2500 सर्वाधिक वापराची आणि पुढची 1000 त्याखालची. पहिली 2500 आली तर साधारण छापील मजकुरातील सुमारे 98 टक्के अक्षरे ओळखीची होतात, पण अक्षर ओळखीचे असणे आणि वाक्य कळणे यांत बरेच अंतर असते, कारण शब्द बहुधा दोन अक्षरांचे असतात आणि दोन्ही अक्षरे ओळखूनही त्यांच्या जोडीचा अर्थ अंदाजाने लागतोच असे नाही. बाराखडी संपल्यावर सगळे एकदम उघडते, तसा दिवस या भाषेत येत नाही. तो येईल म्हणून वाट पाहत बसणारा मनुष्य मात्र रोज थोडा थोडा खचत जातो. माझी आई दर रविवारी कौतुकाने विचारायची, "अगं, अजून किती अक्षरं राहिली तुझी?" आणि मला उत्तर देता येत नसे.

परीक्षेचे ध्येय ठेवावे, असे बहुतेक जण सुचवतात. एचएसके या चिनी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या जुन्या सहा पायऱ्यांसाठी अनुक्रमे 150, 300, 600, 1200, 2500 आणि 5000 शब्दांची अपेक्षा असे. हे आकडे मी टेबलासमोर चिकटवले होते, पण त्यांतला अर्थ मला फार उशिरा दिसला. प्रत्येक पायरीवर आधीच्या सगळ्या पायऱ्या मिळून जेवढे शिकलो, जवळपास तेवढेच पुन्हा नव्याने शिकायचे आहे. रोज पाच शब्दांच्या वेगाने पहिली पायरी महिन्याभरात येते, दुसरी आणखी महिन्याभरात; तिसरीला दोन महिने, चौथीला चार, पाचवीला साडेआठ महिन्यांहून अधिक आणि सहावीला 500 दिवस लागतात. म्हणजे वेग कणभरही कमी न होता पुढची खूण दर वेळी दुप्पट लांब जाते, आणि शिकणाऱ्याला वाटते की आपणच मंदावलो. 2021 च्या नव्या मानकात तर नऊ स्तर आणि एकूण 11,092 शब्द आहेत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषासंस्थेने इंग्रजी भाषकांसाठी चिनीला वर्गातले 2200 तास धरले आहेत. रोज पाऊण तासाच्या हिशेबाने ती आठ वर्षे होतात. हा हिशेब मी एका रात्री कागदावर मांडला आणि नंतर तीन आठवडे वही उघडली नाही.

त्यातच शहरातल्या ज्या वर्गात मी वर्षाची फी आगाऊ भरली होती, तो तीन महिन्यांत बंद पडला आणि पैसेही परत मिळाले नाहीत. नवरात्र आले, रोज रात्री गरबा, मग दिवाळी. अँकी या शब्दांची उजळणी करून घेणाऱ्या ॲपमध्ये 640 कार्डे साचली. ती एका बैठकीत संपवण्याचा मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी थकून सुट्टी घेतली. पुढे केलेला साधा उपाय मात्र टिकला: नवी कार्डे पूर्ण बंद, साचलेल्यांतली रोज फक्त 40, आणि वेळ उरला तरी एक्केचाळिसावे कार्ड उघडायचे नाही. तीन आठवड्यांनंतर थकबाकी शंभराच्या आत आली.

खरा बदल मात्र कामाच्या जागी झाला. मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे, आणि आमच्याकडे चीनहून एक वाइंडिंग मशीन आले. त्याच्या पॅनेलवर इंग्रजीचे नाव नव्हते. वर्कशॉपचे सुपरवायझर मला बोलावून घेऊन गेले आणि लाल बटणाखालच्या दोन अक्षरांवर बोट ठेवून म्हणाले, "बेन, आमां शुं लख्युं छे?" मला त्यांतले दुसरे अक्षर येत होते, पहिले येत नव्हते. घरी येऊन शोधले: ची-थिंग, म्हणजे तातडीने थांबवा.

त्या रात्री मी त्या दोन अक्षरांबरोबर तासभर बसले. 'ची' म्हणजे तातडी, आणि त्याच्या तळाशी हृदयाचे चिन्ह आहे. जीव घाईला येणे हे त्या अक्षरातच लिहिलेले. 'थिंग' म्हणजे थांबणे. त्याला एकूण 11 रेघा आहेत, डावीकडच्या दोन रेघा माणसाच्या, आणि उजवीकडच्या नऊ रेघांचे स्वतंत्र अक्षर होते, ज्याचा अर्थ बागेतला छत्रीवजा मंडप आणि उच्चारही थिंगच. म्हणजे डावी बाजू अर्थाची दिशा दाखवते आणि उजवी बाजू उच्चार देते. बहुसंख्य चिनी अक्षरे अशीच घडलेली आहेत, हे मी पुस्तकात कितीतरी वेळा वाचले होते. लाल बटणाने ते मला शिकवले. दुसऱ्या दिवशी मी वहीचे पहिले पान फाडले नाही, पण त्या ओळीवर रेघ मारून खाली लिहिले: 'या मशीनचे पॅनेल पूर्ण वाचणे.' पॅनेलवर 74 शब्द होते. त्याला सात आठवडे लागले. ज्या दिवशी शेवटचा शब्द लागला, त्या दिवशी सुपरवायझरनी माझ्याकडून सगळे शब्द गुजरातीत लिहून घेतले आणि प्रत्येक बटणाखाली पट्टी चिकटवली. ती आजही तिथे आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की या भाषेत ध्येय असे असावे की ते पूर्ण झाल्याचा दिवस आपल्याला नेमका कळेल, आणि त्या दिवशी दुसऱ्या कोणाला त्याचा काही उपयोग होईल. चिनी 'येणे' हे तसे ध्येय नाही. आधी उमेद येते आणि मग अभ्यास होतो, असे मी समजत होते. माझ्या बाबतीत क्रम उलटा निघाला. काहीतरी कळले की उमेद आली.

या संदर्भात मला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस वारंवार आठवतात. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, तिथे भाषा शिकले, आणि 1941 मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. 9 डिसेंबर 1942 रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच गेले. त्यांच्या हाताशी ना अँकी होते ना पायऱ्यांचे तक्ते. समोर जखमी सैनिक होता आणि त्याला कुठे दुखते हे विचारायचे होते. त्यांच्या त्यागाबद्दल आपण नेहमी बोलतो, पण युद्ध चालू असताना एका मराठी डॉक्टराने चार वर्षांत चिनी आत्मसात केले, या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला मनापासून वाटते.

उच्चारांच्या बाबतीत मात्र मराठी माणसाने अजिबात धास्ती घेऊ नये. 1958 मध्ये मंजूर झालेल्या पिनयिन या रोमन लेखनाने आपली दिशाभूल होते, कारण तिथे 'बी' लिहिलेले असते तेव्हा उच्चार 'प' असतो आणि 'पी' असते तेव्हा ओठ मिटून म्हटलेला 'फ'. अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद आपल्या जिभेवर जन्मापासून आहे. शिवाय 'चाक' आणि 'चिमणी' यांतले दोन वेगळे 'च' आपल्याकडे आहेतच. पिनयिनमधला 'झेड' म्हणजे जवळजवळ चाकातला 'च'. मी रोमन सोडून वहीच्या समासात देवनागरीत उच्चार लिहू लागले, तेव्हापासून शिक्षिकेच्या दुरुस्त्या निम्म्यावर आल्या.

स्वरांचे चढउतार तेवढे सांभाळावे लागतात. 'माइ' हा शब्द आवाज खाली नेऊन पुन्हा वर उचलून म्हटला तर विकत घेणे, आणि वरून झटक्यात खाली आणला तर विकणे. खरेदी विभागातल्या माणसाने नेमका हाच शब्द चुकवावा, आणि मी तो पुरवठादाराशी फोनवर बोलताना चुकवला. आम्हाला सुटे भाग विकायचे आहेत असे पलीकडच्या बाईंनी ऐकले. त्यांनी शांतपणे दोन्ही उच्चार मला तीन-तीनदा म्हणून दाखवले. त्यानंतर पंधरा दिवस माझे ध्येय त्या दोन शब्दांपुरतेच होते, आणि रोज सकाळी चहा उकळेपर्यंत मी ते फोनमध्ये ध्वनिमुद्रित करून मूळ उच्चाराशी ताडून पाहत असे.

आता डिसेंबरात दुसरे मशीन बसवायला चीनहून इंजिनियर येणार आहेत. पहिला अर्धा तास दुभाष्याशिवाय बोलायचे, असे मी ठरवले आहे. त्यासाठी 60 वाक्यांचा एक कागद केला आहे: प्रवास कसा झाला, शाकाहारी जेवण चालेल का, व्होल्टेज किती लागेल, हा बोल्ट कोणत्या मापाचा. आज सकाळपर्यंत 41 वाक्ये न बघता म्हणता येतात. आईने कागद स्वयंपाकघरातल्या कपाटावर लावायला सांगितला आहे, आणि तिचा रविवारचा प्रश्नही बदलला आहे. आता ती विचारते, "किती राहिली गं?" आणि मी सांगते, एकोणीस.